हिऱ्याची घडण : घरबसल्या खरेदी करणाऱ्यांसाठी एक पाठ



पेडणे, डिचोली आणि आसपासच्या पेठांतील आपल्या कुटुंबांत हिरा घ्यावयाचा झाल्यास पूर्वी एक ठराविक रीत असे. घरातील वडीलधारी मंडळी एखाद्या जाणकारास बरोबर घेऊन म्हापसा, पणजी, बेळगाव किंवा मुंबई येथील ओळखीच्या पेढीवर जात. पेढीवाला कागदाची पुडी उलगडी, खडा तळहातावर ठेवी, आणि दोन घटका निरखून मगच भाव बोलला जाई. आता ही रीत मागे पडत चालली आहे. घरातील तरुण मंडळी मोबाइलवर शेकडो खडे पाहतात, त्यांतील एक निवडतात आणि न पाहिलेल्या दुकानदारास लाखांची रक्कम पाठवून मोकळी होतात. ज्या घरात तांदळाचे पोते बंबी खुपसून आतला दाणा हातावर घेतल्याखेरीज उतरवून घेत नाहीत, त्याच घरात हिरा मात्र चित्रावरून घेतला जातो, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

या नव्या रीतीस नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात निवड मोठी मिळते, भावाची तुलना करता येते आणि लबाडी पकडण्याची साधनेही हाताशी असतात. ती साधने कशी वापरावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. मी धान्याचा घाऊक व्यापारी. रत्नपरीक्षा हा माझा धंदा नव्हे. परंतु घरात एक चूक घडली, तीमुळे हा विषय मुळापासून समजून घेणे भाग पडले.

१. घडलेली चूक

धाकट्या चिरंजीवांच्या साखरपुड्यासाठी अंगठीचा हिरा घ्यावयाचा होता. चिरंजीवांनी मोबाइलवर एक खडा पसंत केला. वजन पुरते एक कॅरट, रंग उत्तम, आतून स्वच्छ, सोबत प्रमाणपत्र, आणि भाव इतरांहून बराच कमी. चित्रात तो नुसता झळाळत होता. प्रमाणपत्रात घडणीपुढे ‘गुड’ असे लिहिले होते. गुड म्हणजे चांगला, असे समजून आम्ही पैसे पाठविले.

खडा आला. रात्री दिव्याखाली तो बरा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी तो ओसरीवर नेला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हा खडा झोपलेला वाटतो.” आम्ही सर्वांनी पाहिले. मध्यभागी काळोखी होती, कडेला राखी छटा होती. साखरपुडा बारा दिवसांवर आलेला. मुलीकडील मंडळींसमोर हा खडा ठेवावा कसा, या विवंचनेत दोन रात्री गेल्या. परतीची मुदत सात दिवसांची होती. सहाव्या दिवशी खडा परत केला. त्या विक्रेत्याने काही लपविले होते असे मी म्हणणार नाही. सर्व आकडे प्रमाणपत्रावर होते. आम्हीच ते वाचले नव्हते.

२. आपल्या भूमीतील जुना धडा

हिऱ्याची पारख हा विषय गोमंतकास नवा नाही. सोळाव्या शतकात दख्खनच्या खाणींतील हिरे गोव्याच्या बाजारात येत असत. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये येथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात औषधी वनस्पतींबरोबर हिऱ्यावरही एक प्रकरण लिहिले आणि त्याविषयीच्या अनेक भाबड्या समजुती खोडून काढल्या.

पुढील शतकात १६४१ व १६४८ मध्ये गोव्यास येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दक्षिणेतील खाणींच्या मुलखात व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले झाडाखाली वजने घेऊन बसलेली आणि विकावयास आलेला हिरा परस्परांत फिरवून पारखीत असलेली पाहिली. त्याने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, ती आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. येथील कारागीर खडा निर्दोष असल्यास त्यास फारसा हात लावीत नसत. वजन राखणे हे त्यांचे धोरण असे. खड्यात दोष असल्यास मात्र त्यावर अनेक पैलू पाडून तो झाकीत असत.

वजन राखावे की तेज, हा वाद तेव्हापासूनचा आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोहिनूर. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात तो ठेवला असता लोक निराश होऊन परतले, कारण त्यात अपेक्षेप्रमाणे चमक दिसेना. १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कारागिरांकरवी तो पुन्हा घडविण्यात आला. जुन्या मापाने सुमारे १८६ कॅरटांचा तो हिरा १०५.६ कॅरटांवर आला. दोन पंचमांशांहून अधिक वजन तेजासाठी खर्ची पडले. सामान्य कारागिरास हा त्याग परवडत नाही, आणि तेथेच ग्राहकाने सावध व्हावयाचे असते.

३. घडण म्हणजे काय

हिऱ्याचे मोल चार गोष्टींवर ठरते : वजन, रंग, स्वच्छता आणि घडण. यांपैकी घडणीस बाजारात ‘कट’ म्हणतात. रंग आणि स्वच्छता बहुतांशी निसर्गाची देणगी होय. घडण सर्वस्वी माणसाच्या हातची. कट म्हणजे गोल, चौकोनी, बदामी असा आकार, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. आकार कोणताही असो, पैलूंचे कोन आणि प्रमाण साधले आहे की नाही, यास घडण म्हणतात.

प्रमाणपत्रावर पाच शब्द येतात, ते प्रथम ओळखून घ्यावे. खड्याच्या वरच्या मोठ्या सपाट पैलूस ‘टेबल’ म्हणतात. त्यास आपण माथा म्हणू. माथ्यापासून कडेपर्यंतचा उतरता भाग ‘क्राऊन’, म्हणजे मुकुट. सर्वांत रुंद कड ‘गर्डल’, म्हणजे कंबर. कंबरेखालचा निमुळता भाग ‘पॅव्हिलियन’, म्हणजे तळ. अगदी खालचे टोक ‘क्युलेट’. गोल हिऱ्यास एकूण ५७ पैलू असतात. टोकाशीही बारीक पैलू पाडला असल्यास ५८ होतात.

प्रकाश माथ्यातून आत शिरतो, तळाच्या एका बाजूवर आपटून दुसऱ्या बाजूवर जातो आणि तेथून वळून पुन्हा वर आपल्या डोळ्यांकडे येतो. हिऱ्याच्या आतील पैलूवर प्रकाश लंबरेषेपासून सुमारे २४.४ अंशांहून अधिक तिरका पडल्यास तो बाहेर न जाता आतल्या आत परततो. काचेत हीच मर्यादा सुमारे ४२ अंशांची आहे. म्हणूनच काच हिऱ्याप्रमाणे प्रकाश कोंडून ठेवू शकत नाही. परंतु तळाचा कोन चुकला, तर हिऱ्यातूनही प्रकाश खालच्या खाली निसटतो, जणू फुटक्या कणगीतून धान्य गळावे तसा.

तळ फार उथळ झाल्यास कंबरेचे प्रतिबिंब माथ्यात राखी कड्यासारखे दिसते. जाणकार त्यास माशाचा डोळा म्हणतात. तळ फार खोल झाल्यास मध्यभाग काळा पडतो. त्यास खिळ्याचे डोके म्हणतात. आमच्या पहिल्या खड्यास हा दुसरा विकार होता.

हिरे घडविणाऱ्या घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये गणिताने उत्तम प्रमाणे मांडली : माथा व्यासाच्या ५३ टक्के, मुकुटाचा कोन ३४.५ अंश आणि तळाचा कोन ४०.७५ अंश. आजची प्रमाणे यांच्याच आसपास आहेत.

४. वजन कोठे लपते

एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे १०० सेंट. बाजारात ०.९५ आणि १.०० यांच्या भावात वजनाच्या मानाने पुष्कळच मोठे अंतर पडते, कारण पुरता एक कॅरट ही ग्राहकाच्या मनातील पायरी आहे. त्यामुळे घडविणाऱ्यास मोह होतो, की दोन-चार सेंट गाळून तेज साधण्याऐवजी तेच सेंट तळाच्या खोलीत किंवा कंबरेच्या जाडीत राखावे आणि पायरी गाठावी. वरून पाहणाऱ्यास हे वजन दिसत नाही. त्याचे पैसे मात्र द्यावे लागतात.

हे ताडण्यासाठी एक सोपा हिशेब आहे. गोल हिऱ्याचा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्यास त्याच व्यासाने गुणावे, मग उंचीने गुणावे आणि शेवटी ०.००६१ ने गुणावे. येणारा आकडा सुमारे कॅरट वजनाइतका असतो. आता तीन खडे पाहू.

पहिला, चांगल्या घडणीचा : व्यास ६.४३ ते ६.४६, उंची ३.९५ मि.मी. हिशेबाने वजन १.०० कॅरट. उंची व्यासाच्या सुमारे ६१ टक्के.

दुसरा, आम्ही परत केलेला : व्यास ६.२० ते ६.२४, उंची ४.१० मि.मी. हिशेबाने ०.९७ येतात आणि काट्यावर भरतो १.००; उरलेले तीन सेंट जाड कंबरेत. उंची जवळजवळ ६६ टक्के. याच व्यासाचा खडा नीट घडविला असता तर त्याचे वजन सुमारे ०.९० कॅरट भरले असते. म्हणजे दिसावयास ०.९० आणि दाम १.०० चे.

तिसरा, आम्ही नंतर घेतलेला : व्यास ६.३३ ते ६.३७, उंची ३.८८ मि.मी., वजन ०.९५ कॅरट, उंची सुमारे ६१ टक्के. हा वजनाने दुसऱ्याहून पाच सेंट कमी, तरी रुंदीने अधिक. तो हाती येताच सौभाग्यवतींनी विचारले, “हा आधीच्यापेक्षा मोठा घेतला का?” व्यासातील फरक तसा केसभर, परंतु तेज कडेपर्यंत पोहोचल्याने डोळ्यांस तो मोठा भासला.

५. प्रमाणपत्र कसे वाचावे

अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (जीआयए) ही संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली. तिने २००६ पासून गोल हिऱ्याच्या घडणीस पाच श्रेणी दिल्या : एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. पाहा, ‘गुड’ ही तिसरी पायरी आहे. आमची गफलत येथेच झाली. ही घडणीची श्रेणी गोल हिऱ्यासाठी योजलेली आहे. बदामी, चौकोनी वगैरे आकारांच्या प्रमाणपत्रावर ‘पॉलिश’ व ‘सिमेट्री’ यांपुढे एक्सलंट लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पृष्ठभाग गुळगुळीत व पैलू सारखे आहेत एवढाच. प्रकाश परत येतो की नाही, याची ती हमी नव्हे. दुकानदार हे दोन शब्द पुढे करून घडणीविषयी मौन पाळीत असल्यास सावध व्हावे.

एक्सलंट ही श्रेणीही रुंद आहे. तीत उत्तम खडे बसतात आणि जेमतेम आत शिरलेलेही बसतात. म्हणून गोल हिऱ्यासाठी पुढील आकडे जवळ ठेवावे :

माथा : ५४ ते ५८ टक्के.
एकूण उंची : ६० ते ६२.५ टक्के.
मुकुटाचा कोन : ३४ ते ३५ अंश.
तळाचा कोन : ४०.६ ते ४१ अंश.
कंबर : ‘थिन’ ते ‘स्लाइटली थिक’.
टोक : ‘नन’ किंवा ‘व्हेरी स्मॉल’.

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. यांबाहेरही सुंदर खडे सापडतात. मुकुटाचा व तळाचा कोन यांची मात्र जोडी जमली पाहिजे. एक किंचित अधिक असेल तर दुसरा किंचित कमी असावा. दोन्ही अधिक असलेला खडा एक्सलंट असला तरी टाळावा. जीआयएच्या प्रमाणपत्रावर मुकुटाचा कोन अर्ध्या अंशात आणि तळाचा ०.२ अंशात पूर्णांकित करून छापतात, हेही ध्यानात असावे; ४०.७५ तेथे ४०.८ दिसेल.

कंबर फार जाड नसावी, कारण तीत वजन लपते. फार पातळही नसावी, कारण अंगठीत बसविताना किंवा वापरताना कडा उडण्याचे भय असते. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठोक्याने फुटतो, ही गोष्ट ओर्तानेही सांगून ठेवली होती.

प्रमाणपत्राचा क्रमांक संबंधित प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहावा. दुकानदाराने पाठविलेल्या चित्रावर विसंबू नये. वजन, व्यास, उंची आणि श्रेणी हे सारे तंतोतंत जुळावयास हवे. सर्व प्रयोगशाळांचा हात सारखा कडक नसतो. म्हणून दोन खड्यांची तुलना करताना एकाच प्रयोगशाळेची प्रमाणपत्रे घ्यावी.

६. चित्र काय दाखविते आणि काय लपविते

विक्रेता खडा प्रखर दिव्यांखाली ठेवून चित्र घेतो. त्या उजेडात सुमार खडाही चमकतो. म्हणून चमक पाहून भुलू नये. काळोख कोठे आहे ते पाहावे. फिरत्या चित्रफितीत खडा अगदी समोर आला असता मध्यभागापासून निघालेले आठ गडद बाण सारख्या लांबीचे व स्पष्ट दिसले, तर घडण प्रमाणबद्ध असल्याची ती खूण होय. मध्यभागी न हलणारा काळा डाग दिसला किंवा माथ्यात राखी कडे दिसले, तर खडा सोडून द्यावा.

काही विक्रेते ‘आयडियल-स्कोप’ नावाच्या साध्या भिंगातून घेतलेले चित्र देतात. त्यात लाल भाग म्हणजे परत येणारा प्रकाश आणि पांढरा भाग म्हणजे निसटणारा प्रकाश. माथ्याखाली पांढरे ठिपके विखुरलेले दिसल्यास प्रकाशाची गळती आहे असे समजावे. हे चित्र आवर्जून मागावे. चांगला माल असणारा ते पाठविण्यास सहसा कुचरत नाही.

७. खडा हाती आल्यावर

पुडके उघडताना चित्रफीत घ्यावी, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास पुरावा राहतो. मग दहापट भिंगाखाली कंबर तपासावी. तीवर लेझरने अतिसूक्ष्म अक्षरांत क्रमांक कोरलेला असल्यास तो प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. जवळच्या विश्वासू सराफाकडून व्यास व वजन मोजून घ्यावे. त्याला चार पैसे द्यावे लागले तरी हरकत नाही.

खड्यासारखे दिसणारे दोन ठक विशेष प्रसिद्ध आहेत. क्युबिक झिर्कोनिया हा त्याच आकाराच्या हिऱ्याहून सुमारे दीडपटीपेक्षा अधिक जड भरतो, म्हणून काटाच त्याला उघडा पाडतो. मोइसनाइट मात्र उष्णतेवर चालणाऱ्या साध्या परीक्षायंत्रासही फसवू शकतो. परंतु भिंगाखाली तिरपे पाहिले असता त्याच्या तळाच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा हा खराच हिरा असतो, त्यास घडणीचे नियमही तेच. परंतु तो खाणीतील हिऱ्याहून फार स्वस्त मिळतो. तो जाणून घेण्यात काहीच वावगे नाही. न सांगता विकणे हे वावगे.

शेवटची परीक्षा उजेडाची. ताव्हेर्निये लिहितो, की खड्याच्या पाण्यातील निळसर छटा ओळखावयाची तर तो दाट पानांच्या झाडाखाली धरून पाहावा. घडणीसाठीही सावलीची परीक्षा उत्तम. दुकानाचा दिवा टाळून खडा परसातील आंब्याखाली न्यावा. पानांतून झिरपणाऱ्या मंद उजेडातही जो जागा राहतो, वळविताना ज्यातून रंगांच्या ठिणग्या उडतात, तो उत्तम घडणीचा. तेथे जो राखी पडतो, तो दिव्याखाली कितीही नाचला तरी परत करावा.

८. ग्राहकाचा हक्क आणि विक्रेत्याचा धर्म

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २०२० यांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, परतीच्या व परताव्याच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव प्रकट करणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्याच्या आत व्हावयास हवे. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहे, तसेच जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. सोन्यावर हॉलमार्क असतो, तो सोन्याच्या शुद्धतेचा. त्यात बसविलेल्या हिऱ्याची हमी तो देत नाही. हे अनेकांस ठाऊक नसते.

कायद्याच्या पुष्कळ आधी आपल्या आचार्यांनी याचा विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे आणि अस्सलाच्या जागी तत्सम वस्तू खपविणे, यांस हीनाधिकमानोन्मान व प्रतिरूपकव्यवहार अशी नावे आहेत. दुसरा अतिचार तर मोइसनाइट हिरा म्हणून विकणाऱ्यास जसाच्या तसा लागू पडतो. पहिल्याचा विचार मी पुष्कळ केला. ज्या खड्याचे वजन काट्यावर खरे आहे, परंतु ते ग्राहकास दिसणार नाही अशा जागी राखले आहे, त्यास खोटे माप म्हणावे काय? कायदा म्हणेल, नाही. आकडे छापलेले आहेत. माझ्या मते, ते आकडे ग्राहकास समजावून दिले असतील तरच नाही. आपल्या संघातील जे बंधू दागिन्यांच्या व्यापारात आहेत, त्यांनी यावर विचार करावा अशी नम्र विनंती आहे. ‘गुड’ म्हणजे तिसरी पायरी, एवढे एक वाक्य गिऱ्हाईकास सांगितल्याने एखादा सौदा मोडेलही, पण पेढीची पत राहील.

ग्राहकांस माझे सांगणे एवढेच : पैसे पाठविण्यापूर्वी पाच आकडे कागदावर उतरवून घ्यावे. व्यास, उंचीचे प्रमाण, मुकुटाचा कोन, तळाचा कोन आणि परतीचे दिवस. हे पाच आकडे जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडे खडा कितीही चमकत असो, घेऊ नये. आणि घरातील तरुणांनी खडा निवडल्यावर तो एकदा घरातील वडील बायकांच्या नजरेखालून घालावा. आम्ही तो सकाळी ओसरीवर नेला नसता, तर आज तो सुनेच्या बोटात झोपलेलाच राहिला असता.